शिष्यवृत्ती नव्हे, थकबाकी

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, आशियाई व मूलनिवासी तरुणांना, म्हणजे थोडक्यात गौरेतर तरुणांना, प्रशिक्षणासाठी ज्या शिष्यवृत्त्या मिळत आल्या त्यांच्यावर अलीकडे कुऱ्हाड कोसळू लागली आहे. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ-प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, आणि त्या निकालाचा आधार घेऊन सनातनी मंडळी एकामागून एक योजना न्यायालयात खेचू लागली. इलिनॉय राज्यात अल्पसंख्य समाजांतील भावी शिक्षकांना वर्षाला जास्तीत जास्त ७,५०० डॉलर देणारी एक योजना होती; तिच्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये दावा दाखल झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारच्या शिक्षण खात्याने शिक्षक-प्रशिक्षणाची ६० कोटी डॉलरहून अधिक अनुदाने एका फटक्यात रद्द केली. या अनुदानांतील बराच पैसा वर्णाचा प्रश्न न विचारता कोणत्याही गरीब विभागातील शाळांसाठी शिक्षक तयार करण्याकरिता होता. तरीही 'फूट पाडणाऱ्या विचारसरणी'चा शिक्का त्याच्यावर मारण्यात आला. आठ राज्ये न्यायालयात गेली. ४ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला तूर्त मोकळीक दिली.

या घटनांवर तीन प्रकारचे बोलणे ऐकू येते. सनातनी म्हणतात, कायद्यापुढे सारे समान, तेव्हा वर्ण पाहून पैसा देणे हाच वर्णद्वेष. उदारमतवादी म्हणतात, या शिष्यवृत्त्या म्हणजे सामाजिक न्यायाचे शिखर; त्या वाचल्या की सारे वाचले. तिसरे बोलणे डाव्या गोटातूनच येते आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे असे तेच आहे. शिष्यवृत्ती ही धनदांडग्यांची भीक, ती वंशाच्या नावाने श्रमिकांत भेद पाडते, ती गेली तर रडायचे कशाला, खरा प्रश्न वर्गाचा आहे, असे काही साथी म्हणतात. वाक्य ऐकायला करकरीत क्रांतिकारक आहे. परंतु ते इतिहासाला धरून नाही आणि अर्थशास्त्रालाही धरून नाही.

इतिहास आधी पाहावा. कृष्णवर्णीय शिक्षक अमेरिकेत कमी आहेत हे सर्वज्ञात आहे. २०२०-२१ साली सार्वजनिक शाळांतील शिक्षकांत गोरे सुमारे ८० टक्के होते आणि कृष्णवर्णीय अवघे ६ टक्के. विद्यार्थ्यांत मात्र गोऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले होते. या दरीचे स्पष्टीकरण बहुधा असे दिले जाते की कृष्णवर्णीय तरुण या पेशाकडे वळत नाहीत, त्यांना प्रोत्साहन हवे. म्हणजे दोष पुरवठ्याचा. जणू ही माणसे त्या शाळांत कधी नव्हतीच!

ती होती. दक्षिणेतील विभक्त शाळांत कृष्णवर्णीय मुलांना शिकवणारे हजारो कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. कृष्णवर्णीय समाजाला खुल्या असलेल्या सन्मान्य पेशांत शिक्षकी हा सर्वात मोठा होता. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल न्याय्य होता. परंतु त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती पडली त्यांनी एकत्रीकरणाचा अर्थ असा लावला की कृष्णवर्णीय मुलांनी गोऱ्यांच्या शाळेत जावे आणि कृष्णवर्णीय शिक्षकांनी घरी जावे. ज्या टोपेका शहरातून तो खटला उभा राहिला तेथील शाळाप्रमुखाने तर निकाल लागण्याच्या वर्षभर आधी, मार्च १९५३ मध्येच, कृष्णवर्णीय शिक्षिकांना पत्रे धाडली: न्यायालयाने विभक्तता रद्द केली, तर गोऱ्या मुलांसाठी तुमच्यासारखे शिक्षक बहुतेक लोकांना नको असतील, सबब पुढील वर्षाचा करार करता येत नाही. मिसूरी राज्यातील मोबर्ली गावात कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली तेव्हा तेथील अकरा कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या; ते न्यायालयात गेले आणि १९५९ मध्ये अपील न्यायालयातही हरले. दक्षिणेकडील व सीमेवरील सतरा राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात सुमारे ३८,००० कृष्णवर्णीय शिक्षक व प्रशासक नोकरीतून गेले असा अंदाज अभ्यासक देतात. अलीकडच्या संशोधनात हा आकडा याहून पुष्कळ मोठा सांगितला जातो.

या एका आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ही शिक्षकांची टंचाई नव्हे, ही शिक्षकांची हकालपट्टी आहे. एका अख्ख्या श्रमिक विभागाला त्याच्या कामावरून, वेतनावरून आणि निवृत्तिवेतनावरून उठवण्यात आले, आणि हे करणारे शासनसंस्थेचेच घटक होते: शाळा मंडळे, राज्यांची विधिमंडळे, परीक्षा मंडळे. दक्षिण कॅरोलायनाने १९५६ साली कायदा करून सरकारी नोकरांना कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे सभासद होण्यास बंदी केली. सेप्टिमा क्लार्क ही चार्ल्स्टनची शिक्षिका. सभासदत्व लपवणे तिने नाकारले, आणि चाळीस वर्षांच्या आसपास शिकवून झाल्यावर तिची नोकरीही गेली नि निवृत्तिवेतनही गेले. हीच बाई १९१६ साली जॉन्स बेटावर शिकवू लागली तेव्हा तिला ३५ डॉलर मिळत, आणि समोरच्या शाळेत तीन गोऱ्या मुलांना शिकवणाऱ्या गोऱ्या शिक्षिकेला ८५. पुढे तिने प्रौढांना अक्षरे आणि मतदानाचा हक्क एकदमच शिकवणारे नागरिकत्वाचे वर्ग उभे केले, हा इतिहास निराळा.

वेतनातली ही तफावत न्यायालयांनी १९४० नंतर मोडायला सुरुवात केली, तेव्हा राज्यकर्त्यांनी दुसरी युक्ती काढली. दक्षिण कॅरोलायनाने १९४५ मध्ये शिक्षकांचे वेतन राष्ट्रीय शिक्षक परीक्षेच्या गुणांशी जोडले. वर्णाचे नाव कुठे घ्यायचेच नाही. परीक्षा सर्वांना सारखी. ज्या राज्याने कृष्णवर्णीयांच्या शाळा-महाविद्यालयांना पिढ्यान्‌पिढ्या उपाशी ठेवले त्याच राज्याने त्यांची गुणवत्ता मोजायला फूटपट्टी आणली! त्या परीक्षेचा राज्याने केलेला वापर १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. 'वर्णाकडे डोळेझाक' हे आज ज्यांचे घोषवाक्य आहे त्यांची वंशावळ ही अशी आहे. वर्ण पाहून काढून टाकताना यांचे डोळे उघडे होते. भरपाईची वेळ आली की मात्र ते मिटतात.

आता ज्या शिष्यवृत्तीचे गोडवे उदारमतवादी गातात ती पाहू. रॉकफेलर बंधू निधीने १९९२ साली गौरेतर भावी शिक्षकांसाठी एक फेलोशिप सुरू केली. पुढे ती वुड्रो विल्सन प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आली. पदव्युत्तर शिक्षणासाठी तीस हजार डॉलर, आणि त्या बदल्यात सार्वजनिक शाळेत किमान तीन वर्षे शिकवण्याचे बंधन. दर वर्षी निवड होत असे सुमारे पंचवीस जणांची. हे पंचवीस तरुण गुणी होते, त्यांतील अनेकांनी वर्गात आणि वर्गाबाहेर मोलाचे काम केले, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण हिशेब करावा. हकालपट्टी अकरा वर्षांत अडतीस हजारांची. भरती वर्षाला पंचवीसची. या वेगाने जुनी जागा भरून निघायला दीड हजार वर्षे लागतील. याला न्याय म्हणायचे असेल तर थेंबाला पाणीपुरवठा योजना म्हणावे लागेल.

नावांचा उपरोधही नजरेतून सुटू नये. रॉकफेलर हे नाव कोलोरॅडोतील खाणकामगार अजून विसरलेले नाहीत. एप्रिल १९१४ मध्ये लडलो येथे संपकऱ्यांच्या तंबूंना आग लावली गेली, बायकामुले मेली, ती खाण-कंपनी याच घराण्याच्या ताब्यात होती. आणि वुड्रो विल्सन? १९१३ मध्ये अध्यक्ष होताच ज्याच्या राजवटीने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवले, तोच हा विल्सन. त्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाने गौरेतर शिक्षकांना वेतन-भत्ता द्यावा! प्रतिष्ठानालाही अखेर २०२० मध्ये ते नाव टाकून द्यावे लागले.

दानाचे हे राजकारण जुने आहे. सीअर्स कंपनीच्या ज्युलियस रोझेनवाल्डने दक्षिणेत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभारण्यास मदत केली, त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. जमाखर्च पाहिला तर मोठा वाटा सार्वजनिक करांतून आला, आणि उरलेल्यात कृष्णवर्णीय शेतमजुरांनी व कुळांनी पै-पै करून जमवलेली रक्कम रोझेनवाल्डच्या वाट्याहून थोडी अधिकच भरते. घाम कुणाचा आणि पाटी कुणाची!

येथे ते साथी म्हणतील: तर मग आमचेच म्हणणे सिद्ध झाले, ही भीकच आहे, जाऊ द्या. नाही. येथेच त्यांची गल्लत होते. ज्याचे घर जाळले त्याला जाळणाऱ्याने एक घोंगडी दिली, तर घोंगडी म्हणजे घर नव्हे हे सांगणे आपले काम आहे. घोंगडी हिसकावून घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे हे आपले काम नाही. शिष्यवृत्तीचा दोष ती वंशाचा विचार करते हा नाही. दोष हा की ती फार थोडी आहे, ती हक्क म्हणून मिळत नाही, आणि ती जिथे संपते तिथेच खरा प्रश्न सुरू होतो.

या शेवटच्या मुद्द्याचे अर्थशास्त्र सरळ आहे. शिष्यवृत्ती पेशात शिरण्याची किंमत कमी करते. पेशाचे वेतन वाढवत नाही. अमेरिकेत शिक्षकाची आठवड्याची कमाई तेवढ्याच शिकलेल्या इतर पदवीधरांपेक्षा २०२३ मध्ये सुमारे २७ टक्क्यांनी कमी होती. तरुण कृष्णवर्णीय पदवीधर पेशात शिरतो तो मुळात कर्जाचे मोठे गाठोडे घेऊन. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार पदवीनंतर चार वर्षांनी त्याच्या डोक्यावर सरासरी ५३,००० डॉलरच्या घरात कर्ज असते, गोऱ्या पदवीधराच्या डोक्यावर २८,०००. कारण उघड आहे: गुलामगिरीने, मग विभक्ततेने, मग घरकर्जातील भेदभावाने ज्या घरात मालमत्ता साठूच दिली नाही त्या घरातील मुलाला शिकायला कर्जच काढावे लागते. शिष्यवृत्तीचे तीस हजार शेवटी जातात कुठे? बहुतांशी विद्यापीठाच्या शुल्कात. म्हणजे दात्याच्या तिजोरीतून विद्यापीठाच्या तिजोरीत. मधल्या तरुणाच्या वाट्याला तीन वर्षांची बांधिलकी.

संघराज्य सरकारची शिक्षक-अनुदान योजना तर याहून विचित्र. वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत अनुदान, गरीब वस्तीतील शाळेत चार वर्षे शिकवण्याची अट, आणि अट मोडल्यास अनुदानाचे व्याजासह कर्ज. अट पाळणाऱ्या हजारो शिक्षकांचेही केवळ कागद वेळेत पोहोचला नाही एवढ्यावरून अनुदान कर्जात फिरवले गेल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले, आणि मोठा गहजब झाल्यावरच खात्याला ती चूक दुरुस्त करावी लागली. मुलांच्या वह्या तपासत बसलेल्या शिक्षिकेला एके दिवशी सावकारी नोटीस यावी, हा त्या व्यवस्थेचा खरा चेहरा.

बांधिलकीची शिष्यवृत्ती काय असते हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार लिहून. राजा उदार होता, विद्यार्थी असामान्य होता, करार स्वच्छ होता. १९१७ मध्ये ते नोकरीवर बडोद्यास रुजू झाले तर त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शिष्यवृत्तीने माणूस घडवला, पण त्या माणसासाठी कचेरी आणि शहर घडवले नाही. म्हणून शिष्यवृत्ती चुकीची होती असे कोणी म्हणेल काय? आणि शिष्यवृत्ती दिली म्हणजे बडोदे संस्थानाचे कर्तव्य संपले असे तरी कोण म्हणेल? अमेरिकेतील प्रश्नाचे मर्म या एका प्रसंगात आहे.

तेथील वर्गात शिरलेल्या गौरेतर शिक्षकाला खोली मिळते, पण त्याची शाळा बहुधा सर्वात गरीब वस्तीत असते, वर्ग भरगच्च असतात, आणि शाळेतील प्रत्येक 'बिघडलेल्या' कृष्णवर्णीय मुलाला आवरण्याचे बिनपगारी काम त्याच्याच गळ्यात पडते. कृष्णवर्णीय शिक्षक गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात पेशा सोडतात यात नवल नाही. गळक्या हंड्यात वरून आणखी एक तांब्या ओतायचा आणि हंडा भरत नाही म्हणून तांब्याला दोष द्यायचा, असा हा प्रकार आहे.

आणि हंड्याला भोके पाडली जातात तीही सुधारणेच्याच नावाने. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडाले. पाणी ओसरल्यावर तेथील सात हजारांहून अधिक शाळा-कर्मचाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले. त्यांत कृष्णवर्णीयांचीच बहुसंख्या होती. शाळा खासगी संचालकांच्या चार्टर पद्धतीकडे सोपवल्या गेल्या, संघटना मोडली गेली, आणि बाहेरगावचे तरुण पदवीधर दोन-दोन वर्षांच्या बोलीवर आणले गेले. वादळापूर्वी त्या शहरातील शिक्षकांत कृष्णवर्णीय ७१ टक्के होते. २०१४ पर्यंत ते निम्म्याच्या खाली आले. त्याच वर्षी लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फ शिक्षकांचा दावा फेटाळला. यांतील अनेकांना वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षांचा अनुभव होता. त्यांना घरी बसवून मग नव्या गौरेतर शिक्षकांसाठी शिष्यवृत्ती जाहीर करणाऱ्या समाजाला अर्थशास्त्र येत नाही असे नाही. ते चांगले येते. अनुभवी, संघटित, निवृत्तिवेतनाचा हक्क असलेला शिक्षक महाग पडतो. कोवळा, एकटा, कृतज्ञ शिक्षक स्वस्त पडतो.

वर्गाचा प्रश्न आहे तो हा. तो वर्णाच्या प्रश्नाला बाजूला सारून सापडत नाही, त्याच्या आत शिरूनच सापडतो. शिकागोत २०१३ साली सुमारे पन्नास शाळा एकदम बंद केल्या गेल्या, त्या बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. तेथील शिक्षक संघटनेने २०१२ च्या संपात वेतनाबरोबरच शाळाबंदीचाही प्रश्न लावून धरला होता, आणि 'कायापालटा'च्या नावाखाली कमी केलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकांसाठी ती न्यायालयातही लढली. दहा वर्षांनंतर, २०२२ मध्ये, शाळा मंडळाने ९२ लाखांहून अधिक डॉलर देऊन तडजोड केली. ही रक्कम शिष्यवृत्ती नव्हती. कुणाच्या निबंधाचे परीक्षण करून, मुलाखत घेऊन ती दिली गेली नाही. ती थकबाकी होती आणि वसूल करावी लागली.

कृष्णवर्णीय शिक्षक वर्गात असल्याने मुलांना काय मिळते, हेही भावनेचे प्रकरण राहिलेले नाही. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना येथील नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे की प्राथमिक शाळेत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तरी कृष्णवर्णीय मुलाची माध्यमिक शिक्षण पूर्ण करण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी वाढते, महाविद्यालयात जाण्याची १९ टक्क्यांनी. तेव्हा १९५४ नंतरच्या हकालपट्टीत फक्त शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या नाहीत. त्यांच्या हाताखालून जी मुले जायची होती त्यांचेही नुकसान झाले, आणि ते कोणत्याच जमाखर्चात धरलेले नाही.

राहता राहिला एक अवघड प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही, कारण तो श्रमिक चळवळीच्या स्वतःच्या घरातला आहे. सेवाज्येष्ठता हे संघटनेचे जुने शस्त्र आहे. मालकाच्या मर्जीने नव्हे तर नोकरीच्या क्रमाने कपात व्हावी, शेवटी आलेला आधी जावा, हा नियम रक्त आटवून मिळवलेला आहे. पण ज्या शाळांनी गौरेतरांना पन्नास वर्षे दाराबाहेर ठेवले तेथे शेवटी आलेला कोण असणार? शिष्यवृत्ती घेऊन नुकताच आत आलेला गौरेतर तरुणच. मंदी आली, अंदाजपत्रक आटले की निर्दोष नियमानेच त्याचा बळी पडतो. म्हणजे जुन्या अन्यायाचे व्याज संघटनेच्याच हातून वसूल होते. यावर सेवाज्येष्ठता मोडा असे मालकवर्ग सांगतो, आणि त्याचा हेतू उघड आहे. सेवाज्येष्ठतेला हात लावू नका असे कर्मठ संघटनावादी सांगतात, आणि त्यांची भीती खोटी नाही.

मिनियापोलिसच्या शिक्षकांनी मार्च २०२२ मध्ये याचे उत्तर स्वतः शोधले. त्या शहरात शिक्षकांचा संप झाला तो १९७० नंतर प्रथमच. जवळजवळ तीन आठवडे तो चालला. शाळेत मदतनीस म्हणून राबणाऱ्या अल्पवेतन कर्मचाऱ्यांचे वेतन, वर्गांतील मुलांची संख्या, मानसिक आरोग्यसेवा या मागण्यांबरोबर संघटनेने करारात एक कलम घालून घेतले: ज्या समाजांचे शिक्षक त्या शाळांत कमी आहेत त्यांना कपातीच्या वेळी सेवाज्येष्ठतेच्या क्रमातून संरक्षण मिळेल. हे कलम मालकाने लादले नाही. बहुसंख्य गोऱ्या सभासदांच्या संघटनेने ते मागितले, आणि स्वतःच्या क्रमातील जागा थोडी मागे सरकेल हे जाणून त्यास मतदानाने मान्यता दिली. वर्तमानपत्रांनी काहूर उठवले, सनातनी संस्था न्यायालयात धावल्या. ज्या साथींना वर्ण आणि वर्ग यांतील एकच निवडायचे आहे त्यांनी तो करार एकदा काढून वाचावा.